बोंबलांचा काहीच दोष नव्हता

शिरगावच्या आमच्या घरातलं नेट बंद पाडण्याचं श्रेय पूर्णपणे माझं आहे. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

त्या दिवशी अकरा वाजता माझ्या मुलीची, मनालीची, नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती आणि मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं.

"बाबा, माणूस बोलवूया?"

"कशाला? तुझा बाप बोईसरच्या कारखान्यात वीस वर्षं मेंटेनन्सला आहे!" (पंख्यांच्या. पण एवढं खोलात कोण शिरतं!)

ओटीवरच्या राउटरपासून अंगणावरून मागच्या खोलीपर्यंत मी निळी वायर ताणली. तिथे स्विच बसवला, म्हणजे एका वायरीतलं नेट पाच ठिकाणी वाटणारी डबी. नेट धावू लागलं! स्विचला लावलेल्या एका जादा वायरीचं टोक लोंबकळत होतं, तेही रिकाम्या भोकात खोचलं. घर कसं नीटनेटकं हवं! मग विजयी मुद्रेने आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर, "बाबा, नेट गेलं!"

अंगणात धावलो. माझ्या वायरीवर बोंबील! जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून, आईने सातपाटीचे ताजे बोंबील वाळत घातले होते.

"आये, ही नेटची वायर हाय!"

"मंग? चांगली उंच बांधलीस. मांजर पोचत नाय."

(माझ्या कामाचं त्या दिवशीचं एकमेव कौतुक.)

"तुझ्या बोंबलांनी नेट बंद पाडलं!"

"नेट का बोंबील खातं?"

तरी मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला एकेक बोंबील उतरवायला लावला. ती सगळे अंगणातल्या आडव्या बांबूवर टांगत गेली. मी वायर लिंबाने पुसली. नेट ढिम्म!

शेवटी मनाली मोबाइल घेऊन अंगणात बसली, कारण रेंज तिथेच होती. मागे बोंबलांची तोरणं. साहेबांनी विचारलं, "मागे काय आहे?"

आईच ओरडली, "बोंबील हायत! या जेवायला!"

साहेब हसले. नोकरी मिळाली.

संध्याकाळी मनालीने स्विच पाहिला. "बाबा, एकाच वायरीची दोन्ही टोकं ह्याच स्विचमध्ये कुणी खोचली? नेट आतल्या आत गोल फिरत बसलंय!"

"वाऱ्याने गेली असतील," मी म्हणालो.

आईला हे कुणी सांगितलंच नाही. बोंबील आले की ती अजून मला विचारते, "बांबूवर घालू ना रे? काय बिघडणार नाय ना?"

मी गंभीर चेहऱ्याने बांबू तपासतो आणि मोठ्या मनाने परवानगी देतो.