आत्याची नऊ नंबरची गाडी

लोकांना झोपवण्याचा रीतसर परवाना जवळ असूनही जिने उभ्या उपनगरातले सगळ्यात जास्त लोक झोपेतून उठवले अशी बाई एकच, आणि ती माझी सख्खी आत्या. आत्या भूलतज्ज्ञ होती. तिचा स्वतःचा दवाखाना नव्हता. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, कधी पार बोरिवली, जिथे जिथे छोटी नर्सिंग होम्स होती तिथले सर्जन तिला बोलावत आणि ती आपली काळी बॅग आणि ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन निघे. पेशंटशी ती इतक्या हळू आवाजात बोलायची की अर्धी भूल त्या आवाजानेच चढते असं सगळे म्हणत. पण ती ज्या गाडीतून यायची ती गाडी शर्यतीत पळवण्यासाठी बांधलेली होती. तिच्या सायलेन्सरने आपलं काम कधीच सोडून दिलं होतं आणि ती पवईच्या चढावर आली की साकीनाक्याला कळायचं. अंधेरीचे एक सर्जन घड्याळाकडे बघतच नसत. गाडी ऐकू आली की ते हात धुवायला उठत.

शर्यतीची गाडी म्हटलं की लोकांना वाटतं, बाईला वेगाचं वेड असणार. आत्याला वेगाचं काडीचंही कौतुक नव्हतं. तिला फालतू वस्तू डोळ्यांसमोर खपत नसत, एवढीच तिची अडचण होती. घाटकोपरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तिची खोली होती आणि त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. दोन पाहुणे आले की ती उभी राहायची. तिसऱ्याने यायचं नाही, हे तिसऱ्याला कळलं पाहिजे असं तिचं मत होतं. पडदे नव्हते, उशांना अभ्रे नव्हते, कारण उशीला आधीच एक कापड असतं. पुरणपोळी केली की ती आईकडे नुसतं पुरण वाटीत मागायची. "पुरण हाच मुद्दा आहे वहिनी, बाकीचं वेष्टण," असं म्हणून चमच्याने खायची. वर्तमानपत्र ती जाहिराती कापून मग वाचायला घेई, त्यामुळे तिचं वाचून झाल्यावर आमच्याकडे वर यायचं ते वर्तमानपत्र जाळीसारखं असायचं. बाबा त्यातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. बोलण्यातही तेच. "जेवलीस का" विचारलं तर "हो". "काय जेवलीस" विचारलं तर "दुपारचं".

तिने गाडी घ्यावी हा हट्ट बाबांचा. ते तिचे थोरले भाऊ. नळकांडं सांभाळत बसमधून आणि रिक्षातून ती फिरते हे त्यांना बघवत नसे. मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी विकायची आहे असं त्यांना कळलं, आणि एका रविवारी बाबा, आत्या आणि मी ती बघायला गेलो. मंत्र्यांच्या दारात उभी असते तसली पांढरी, गरगरीत गाडी होती. आत लाल गालिचा, मागच्या काचेला झालरीचे पडदे, टपाला चिकटवलेला छोटा पंखा, फुलदाणी आणि फुलदाणीत प्लॅस्टिकचे गुलाब. बाबांचा चेहरा इतका उजळला की गृहस्थ किंमत तिथेच वाढवतील अशी मला भीती वाटली. आत्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गृहस्थांना विचारलं, "यात राखेचे डबे किती आहेत?"

"चार," गृहस्थ अभिमानाने म्हणाले. "प्रत्येक सीटला एक."

"तुम्ही सिगरेट ओढता?"

"छे."

माझ्या मते त्या गाडीचं नशीब तिथेच ठरलं. तरीही बाबांच्या आग्रहाखातर तपासून घेण्यासाठी ती गाडी आम्ही, त्या गृहस्थांनाच चालवायला लावून, अंधेरीला, मरोळमधल्या परबांच्या गॅरेजात नेली. परब मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर त्यांनी हे गॅरेज काढलं होतं. ते पांढऱ्या गाडीच्या पोटाखाली शिरले, बाबा त्यांना वरून प्रश्न विचारत राहिले, आणि आत्या मागच्या शेडमध्ये निघून गेली. बऱ्याच वेळाने तिला शोधायला गेलो तर ती एका नारिंगी गाडीत बसली होती.

मुळात ती टॅक्सीच्याच जातीची गाडी. परबांच्या एका गिऱ्हाइकाने हौसेने ती मद्रासकडच्या शर्यतींसाठी बांधून घेतली होती आणि हौस फिटल्यावर इथेच सोडली होती. बांधून घेतली म्हणजे, होतं ते सगळं काढून टाकलं होतं. मागची सीट नाही, गालिचा नाही, छताला अस्तर नाही, दारांना आतून पत्रा नाही, खिडक्यांना काचेऐवजी प्लॅस्टिकचे तक्ते. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि त्या पिंजऱ्यात एकच खोलगट सीट. समोर इंजिनाचे फेरे दाखवणारी एक तबकडी, बस. आत्या त्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती, देवळात बसतात तशी.

"हिच्यात फालतू काही नाही रे," ती मला म्हणाली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांबलचक कौतुक.

परबांनी तिला परावृत्त करण्याची शर्थ केली. गाडी विकण्यासाठी कुणी इतकी मेहनत घेणार नाही. "बाय, तुमका ही कित्याक व्हयी? ही चलवूची गाडी न्हय, पळवूची. हिका हॉर्नसुद्धा नाय."

"हॉर्न लावा."

"खड्ड्यात गेलात तर कंबरेचो कणो मोडात."

"मी डॉक्टर आहे," आत्या म्हणाली, आणि परबांनी हात टेकले.

बाबा तोवर तिथे आले होते. त्यांनी गाडीच्या दारावरचा हातभर नऊचा आकडा पाहिला, पिंजरा पाहिला, आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "अगं, चार माणसांत शोभेल असं काहीतरी घे."

"चार माणसं मावणारच नाहीत दादा."

तिने खरं तेच सांगितलं होतं. पण बाबा वळून शेडबाहेर पडले. पांढऱ्या गाडीतून मुलुंडपर्यंत त्या गृहस्थांशी बोलत राहिले आणि त्या दिवसापासून बहिणीशी त्यांनी बोलणं टाकलं.

आत्याला हे कळायलाच महिनाभर लागला असेल, कारण दोघांचं बोलणं एरवीही बेताचं होतं, आणि तिच्यापुढे गाडीचे प्रश्न होते. सीटला पाच पट्टे होते, त्यातला एक दोन पायांमधून वर यायचा. त्याचं साडीशी जमेना म्हणून तिने तो कात्रीने कापला. गाडी जमिनीपासून इतकी खाली होती की आमच्या कॉलनीच्या तोंडावरच्या गतिरोधकावर पोट घासायची. मग आत्या तो गतिरोधक तिरका तिरका, खेकड्यासारखा ओलांडायची आणि आजूबाजूची मंडळी श्वास रोखून बघायची. पावसाळ्यात तक्त्यांच्या फटींतून पाणी येई, म्हणून ती आत रेनकोट घालून बसे आणि नर्सिंग होममध्ये उतरल्यावर काढून ठेवी. लोक करतात त्याच्या बरोबर उलट. नळकांडं पिंजऱ्याला बांधलेलं असे, आणि येताना त्याच नळ्यांना भाजीची पिशवी, नारळ, कधी केळ्यांचा घड लटकत असे. पवईच्या बसस्टॉपपाशी सिग्नल नसतानाही एकदा ती थांबली, तर एक आजीबाई वाकून म्हणाल्या, "नऊ नंबर कुर्ल्याला जाते का गं?" आत्या म्हणाली, "आज नाही." एकदा हवालदाराने अडवलं. "मॅडम, वेग किती होता माहितीये?" आत्या म्हणाली, "नाही. ह्यात ते दाखवायची सोय नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा." हवालदाराने आत डोकावून पाहिलं, साडी पाहिली, नळकांडं पाहिलं, लटकणारा दुधी पाहिला आणि हाताने जा म्हणून खूण केली. खरं तर ती जेमतेम सायकलच्या पुढे जायची. आवाजच तेवढा पुढे पळायचा.

बाबा मात्र अबोला पाळून होते. गाडीचा आवाज आला की ते बाल्कनीतून आत यायचे. "तुझ्या आत्याला सांग, चिवडा झालाय," असं मला सांगायचे, ती समोर उभी असताना. आत्याला वाटे, दादाला आवाजाचा त्रास होतो. तिने परबांकडून सायलेन्सरला काहीबाही गुंडाळूनही आणलं, ते साकीनाक्याला जळून गेलं.

शेवटी आईनेच तोंड उघडलं. संध्याकाळी आत्या वाटीतलं पुरण खात आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "वन्सं, एक सांगू? ह्यांना गाडीचा राग नाहीये. ह्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, बहीण गाडी घेतेय, आता रविवारी तिच्या शेजारी बसून फिरायचं. तुम्ही एकच सीट असलेली गाडी आणलीत."

आत्याचा चमचा थांबला. आमचे आजोबा गेले तेव्हा ती शाळेत होती. बाबांनी कॉलेज सोडून बंदरातल्या कचेरीत कारकुनी धरली आणि तिला डॉक्टर केलं. हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवत नसे, बाबा तर नाहीच. आत्याने वाटी तशीच ठेवली आणि खाली निघून गेली. पुरण तिने टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच सुमारास बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मुलुंडचं एक नर्सिंग होम, ओळखीचे सर्जन, किरकोळ काम. पण बाबा ऑपरेशनच्या नावाने पांढरेफटक पडत. भूल आत्यानेच द्यावी असं आम्हाला वाटत होतं, ती नाही म्हणाली. "माणूस आपलं असलं की हात आपला राहत नाही," एवढंच बोलली. तिने एका तरुण डॉक्टरला ठरवून दिलं. त्या सकाळी तिची स्वतःची अंधेरीला एक केस होती.

बाबा हिरवा झगा घालून कॉटवर बसले आणि उठेनात. तरुण डॉक्टर दोनदा येऊन गेला. नर्स आली. सर्जन आले, पाठीवर थोपटून गेले. बाबा कॉटची कड धरून म्हणत होते, "जरा थांबा. पाच मिनिटं." कशासाठी ते सांगत नव्हते. आई रडकुंडीला आली. मग भांडुपच्या बाजूने तो ओळखीचा गडगडाट आला, वाढत वाढत खिडकीखाली येऊन बंद पडला. खिडकीचं तावदान थरथरायचं थांबलं तेव्हा बाबा चपला काढून उभे राहिले.

"आली," ते म्हणाले. "चला."

आत काय झालं ते सर्जननी आम्हाला नंतर सांगितलं. भूल त्या तरुणानेच दिली. अंधेरीची केस आटोपून आलेली आत्या डोक्याशी स्टूल घेऊन बसली आणि बोलायला लागली. गावच्या विहिरीवरचं कासव, पेरूच्या झाडावरून दादा पडला ते, दादाने चोरून आणलेल्या कैऱ्या, त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जाताना तिच्या पायाला लागलेलं चाक, मास्तरांची टोपी. तिच्याबरोबर काम करून इतकी वर्षं झाली, पण एवढे शब्द तिच्याकडे आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं सर्जन म्हणाले. बाबा झोपले. "आणि गंमत सांगू का," ते हातमोजे काढत म्हणाले, "त्यांना भूल चढली हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण शेवटचा टाका पडेपर्यंत ती बोलतच होती."

बाबांना घरी सोडायच्या दिवशी आईने टॅक्सी सांगून ठेवली होती. खाली नारिंगी गाडी उभी होती आणि तिच्या पिंजऱ्यात, ड्रायव्हरशेजारी, दुसरी सीट होती. बसच्या कंडक्टरची असावी तशी, हिरव्या रेक्झिनची, वर चक्क एक उशी. परबांनी ती बोल्टांनी पक्की केली होती. बाबांनी वाकून पाहिलं.

"ही कशाला? उगाच वजन वाढलं."

"वाढलं," आत्या म्हणाली. "चढावर जरा दमते."

बाबांना त्या नळ्यांमधून आत घालणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड काम होतं, पण ते टॅक्सीत बसायला तयार नव्हते. टाके दुखू नयेत म्हणून आत्याने मुलुंड ते घाटकोपर गाडी अशी नेली की बर्फाची एक हातगाडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली. टॅक्सीतून मागे येताना आम्हाला दिसत होतं, बाबा प्रत्येक खड्ड्याला हात वर करून तिला आधी सूचना देत होते.

त्यानंतर रविवारी दोघं निघायची. मार्वेला धक्क्यापाशी गाडी उभी करायची, बोटीने मनोरीला जायचं, वाळूत थोडं बसून परत. मी एकदा बाबांना विचारलं, वाटेत काय बोलता तुम्ही? बाबा हसले. "त्या आवाजात ऐकू काय येणार, डोंबल? पण ती सारखी बोलत असते रे. ओठ हलताना दिसतात. मी आपला हो हो म्हणतो."

गाडी पुढे बरीच वर्षं चालली. भाग मिळेनासे झाले तेव्हा परबांनीच हात जोडले, आणि ऐंशीचं दशक संपता संपता आत्याने तेव्हा रस्तोरस्ती दिसू लागलेली नवी छोटी गाडी घेतली. चार सीटा, वरखाली होणाऱ्या काचा, खाली पायपुसणी. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच बसलो, आई आणि मी मागे, बाबा पुढे आत्याशेजारी. गाडी सुरू झाली हे कळलंसुद्धा नाही. कॉलनीतून बाहेर पडलो, विक्रोळी गेली, आणि कुणीच काही बोललं नाही.

"आवाज अगदीच नाही गं हिला," बाबा म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली.

बाबांनी जरा वेळ तिच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग ते बाहेर बघू लागले.