बाकावर गप्प बसलेले जावई

आमच्या जावयांना कोणी विचारलं, काम काय करता, तर ते सांगतात, "शेजारी बसतो." खोटं नाही ते. गाडी शिकवायची शाळा आहे त्यांची. शाळा म्हणजे एकच गाडी, छपरावर पाटी आणि शेजारच्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक. सकाळपासून शिकाऊ माणसं घामाघूम होऊन स्टिअरिंगला लोंबकळतात आणि जावई शेजारी बसून बोलत असतात. "आरसा बघा. हळू. आता सोडा. पाय नव्हे हो, क्लच सोडा!" घरी आले तरी तेच. मी भाजी चिरत असले तरी मागून आवाज येतो, "हळू, आई, हळू."

मला हे स्थळ पसंत नव्हतं, सांगून टाकते. लेक शिकलेली, हॉस्पिटलातल्या औषधांच्या विभागात नोकरी करणारी. मी म्हटलं होतं, हा माणूस जन्मभर दुसऱ्यांना गाडी शिकवणार, आणि स्वतः कुठे पोचणार? पण लेकीनं ऐकलं तर ती माझी लेक कसली! पुढे मी त्यांच्याकडेच राहायला आले, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका शिकाऊ बाईंनी गाडी नेऊन कोणाच्या तरी फाटकावर घातली. घरमालक तावातावानं बाहेर आला. बाई रडायच्या बेताला. जावई खाली उतरले आणि म्हणाले, "चूक माझी. ब्रेक माझ्याही पायाशी होता." मी मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसले होते. घरी आल्यावर चांगलं फैलावर घेतलं त्यांना. "अहो, ठोकली त्या बाईंनी आणि बोलणी तुम्ही खाल्लीत?" तर म्हणतात, "आई, आज त्यांना कोणी बोललं असतं ना, तर त्यांनी पुन्हा गाडीला हात लावला नसता." मी मनात म्हटलं, माणूस खुळा आहे, पण आपला आहे.

तर अशा माणसाच्या पोटी आमची टिटवी जन्माला आली. तान्ही असताना रडून आख्खी गल्ली जागी करायची, म्हणून टिटवी. आता ती क्लबाच्या चौदा वर्षांखालच्या संघातून टेनिस खेळते. एकेकटीनं खेळायच्या स्पर्धा वेगळ्या. या संघांच्या. दोन सिंगल्स, एक डबल्स, आणि तिनातले दोन जिंकेल तो संघ पुढे. प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. चेंडू आपल्या बाजूला पडला की आत का बाहेर ते आपणच सांगायचं, असा नियम. एक पंचबाई सगळ्या कोर्टांवर फिरत असतात, भांडण झालं की येतात. आणि दुसरा नियम असा की बाहेर बसलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, पण खेळाबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही.

आता तुम्हीच सांगा, आमच्या जावयांनी काय करावं? गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात टिटवीचा खेळ रंगात आला आणि हे बाकावरून सुरू झाले. "पाय पुढे! हळू! आता सोड!" पंचबाईंनी एकदा ताकीद दिली. ते सॉरी म्हणाले, आणि दोन मिनिटांत परत, "हळू!" जित्याची खोड हो ती. पंचबाईंनी पॉइंट कापला. तोही असा मोक्याचा, की तिथून पोरीचा खेळ जो घसरला तो सावरलाच नाही. संघ हरला. येताना टिटवी मागे बसली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, तू माझ्या मॅचला येत नको जाऊस."

"बरं," म्हणाले ते. एवढंच.

त्यानंतर सबंध वर्ष ते तिला फाटकाशी सोडायचे आणि गाडीत बसून राहायचे. कोर्ट दिसत नाही तिथून. चेंडूचा टप टप आवाज तेवढा येतो. ती परत आली की विचारायचे, "कसं झालं?" ती म्हणायची, "बरं झालं." संपलं बोलणं. मला फार वाईट वाटायचं. पोर चुकीची नव्हती आणि बापही वाईट नव्हता, मग बोलायचं कोणाला? मी दोघांवरही चिडून भांडी आदळायची.

यंदा त्यांचा संघ अंतिम सामन्यात गेला. लेकीला नेमकी ड्यूटी. टिटवी मला म्हणाली, "आजी, तू ये ना."

"येईन की," मी म्हटलं. "पण मला आणणार कोण? तुझा बापच ना? मी सावलीत बसून टाळ्या पिटायच्या आणि तो माणूस तिकडे गाडीत शिजत बसणार? मला नाही बघवणार ते. येऊ तर दोघं येऊ."

टिटवीनं बराच वेळ रॅकेटच्या तारा चिमटीनं सरळ केल्या. मग म्हणाली, "ठीक आहे. पण एक शब्द बोलायचा नाही. 'हळू'सुद्धा नाही म्हणायचं. आणि आजी, तू त्याच्याकडे लक्ष ठेव."

"आणि बोलला तर?"

"तर मग कध्धीच यायचं नाही."

जावई स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हापासूनच सराव सुरू केला म्हणायचा.

सामन्याच्या दिवशी त्यांनी गालात पेपरमिंट धरली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. हाताची घडी, तोंडावर बोट, त्यातलाच प्रकार. उजवा पाय मात्र सिमेंटवर ब्रेक दाबत होता. दाबू दे म्हटलं, पायाला कुठे बंदी आहे! मी पहारेकरी. आमचा बाक कोर्टाच्या मागच्या पांढऱ्या रेषेच्या अगदी सरळ समोर. आजूबाजूला बाकीचे आईबाप. एक आई स्कोअर अटीतटीचा झाला की उठून पाण्याच्या नळाकडे जायची आणि ओंजळ भरून नुसतं बघत राहायची. एक बाप कॅमेऱ्यातून बघत होता, म्हणे कॅमेऱ्यातून बघितलं की छातीत धडधडत नाही. मी म्हटलं, वेड लागलंय सगळ्यांना. आणि स्वतःच्या पदराला किती गाठी मारल्या तेही मला कळलं नाही.

पहिली सिंगल्स आपल्या संघातल्या एका मुलीनं जिंकली. दुसरी त्यांच्या मुलीनं. राहिली डबल्स. टिटवी आणि क्लबातल्या एका दंतवैद्यांची धाकटी मुलगी आपल्या बाजूनं, पलीकडे दोन हिरव्या शर्टवाल्या. त्यातली एक इतकी उंच, की मी तिचं नाव शिडी ठेवलं. शिडीची सर्व्हिस म्हणजे माळ्यावरून टाकलेलं पातेलं. पहिला सेट त्यांनी घेतला. दुसऱ्यात आपल्या दोघी नेटजवळ सरकल्या, शिडीच्या पायांशी चेंडू टाकायला लागल्या, आणि सेट खेचून आणला. टिटवी एरवी घरात पाण्याचा पेला उचलत नाही हो, आणि इथे कुठून कुठे पळत होती! प्रत्येक पॉइंटनंतर ती बाकाकडे बघायची. माझ्याकडे नाही, बापाकडे. आणि बाप तोंड मिटून बसलेला. एकदा तर तिनं सोपा चेंडू नेटमध्ये घातला तेव्हा यांचे ओठ हलले. मी कोपर मारलं. त्यांनी दुसरी पेपरमिंट तोंडात टाकली.

मग तिसऱ्या सेटऐवजी शेवटचा टायब्रेक. आधी दहाला पोचेल तो जिंकला. आपले आठ, त्यांचे सात. नळाकडची आई आता नळावरच राहायला गेली होती.

शिडीनं चेंडू उंच उडवला. टिटवी पुढे, दंतवैद्यांची धाकटी मागे पळाली. चेंडू डोक्यावरून आला आणि मागच्या रेषेवर पडला. रेषेवर! माझ्या नाकासमोर! धाकटीनं बोट वर केलं आणि ओरडली, "आउट!"

आणि कोणीतरी म्हणालं, "अगं, आत होता! रेषेवर पडला की!"

ते कोणीतरी मीच होते. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. लाइन खराब असली की परगावच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलावं लागे. नोकरी संपली, आवाज राहिला. चारही कोर्टांवरचे खेळ थांबले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते हे.

पंचबाई तरातरा आल्या. "कोण बोललं?"

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ टाळूला चिकटली. आणि ती सुटायच्या आत शेजारचे जावई उभे राहिले. "मी बोललो," म्हणाले.

पंचबाईंनी त्यांना ओळखलं. "पुन्हा तुम्हीच? बायकी आवाज काढला म्हणून मला कळणार नाही वाटलं? चला, फाटकाबाहेर व्हा."

लोक हसले. जावयांनी टोपी उचलली आणि खाली मान घालून निघालेसुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी! "अहो थांबा, काय वेड्यासारखं," एवढं माझ्या तोंडून निघेपर्यंत कोर्टातून आरोळी आली. टिटवीच ती, तिचा आवाज कोणावर गेलाय हे सांगायला नको.

"बाबा नव्हता!"

ती जाळीपाशी धावत आली. तोंड लालबुंद. "पंचबाई, तो बाबाचा आवाज नाही. बाबा आज एक शब्दही बोललेला नाही. मी सारखी बघत होते. ती आजी होती."

"मीच होते," मी म्हटलं, "आणि चेंडू आतच होता."

"आजी!" टिटवी ओरडली.

"बरं बाई, नाही बोलत."

टिटवी मागे वळली. दंतवैद्यांच्या धाकटीशी काहीतरी कुजबुजली. धाकटीनं खांदे उडवले, मग मान हलवली. टिटवी नेटपाशी जाऊन शिडीला म्हणाली, "मलाही आत दिसला होता. मी सांगणारच होते. पॉइंट तुमचा." पंचबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलींनी स्वतःच दिला, म्हणून दंड करत नाही. पण आजी, तुम्ही बाहेर. आणि साहेब, तुम्ही बसा जागेवर."

म्हातारपणी वर्गाबाहेर काढलं मला! फाटकाबाहेर सायकलींच्या स्टँडला टेकून उभी राहिले. तिथून अर्धं कोर्ट दिसत होतं आणि सगळा बाक दिसत होता. बाकावर जावई एकटे, मांडीवर माझी पर्स. आठ-आठ. मग त्यांचे नऊ. पुढचा पॉइंट इतका लांबला, इतका लांबला म्हणून सांगू! शेवटी टिटवीचा चेंडू नेटच्या पट्टीवर आपटला, वर उडाला, आणि आपल्याच बाजूला पडला. संपलं. हरलो.

हिरव्या शर्टवाल्या उड्या मारायला लागल्या. जावई उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले, चौघींसाठी.

मी तिकडे स्टँडपाशी मनात स्वतःच्याच चुकांचा पाढा वाचत होते. माझ्या तोंडामुळे हरली का पोर? त्या बापाचं सगळं वर्ष मी पाण्यात घातलं का? टिटवी पाठीला बॅग लावून बाहेर आली, डोळे ओले, नाक पुसत. मागून जावई. ती थांबली. तेही थांबले, तोंड मिटून. बोलू का नको, हे कोणी सांगितलंच नव्हतं ना त्यांना.

"बोल की आता," टिटवी म्हणाली.

वर्षभराचं साठलेलं सगळं निघणार म्हणून मी सरसावले. पाय, खांदा, क्लच, सगळं. पण त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "छान खेळलीस गं." बस्स. एवढंच सुचलं त्या बोलघेवड्या माणसाला.

टिटवीनं बॅग उतरवून त्यांच्या खांद्याला अडकवली आणि त्यांच्या दंडाला टेकून चालायला लागली. मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, पुढच्या मॅचला तू एकटाच ये हं. आजीला नको आणूस."

"अगं टवळे!" मी म्हटलं. "चेंडू आत होता म्हणून बोलले ना मी! आणि वर मलाच घरी बसवतेस?" पण खरं सांगू, इतकं बरं वाटलं मला, की रागवायचं म्हटलं तरी रागवता येईना.

जावई गाडीपाशी उभे राहून एकामागून एक खिसे चाचपत होते. किल्ली त्यांच्या हातातच होती.