मास्तरांच्या खोलीतला वास

घरं दाखवणाऱ्या बाईंना सगळे नाकबाई म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाक दिसायला बेताचंच, पण काय त्याचा प्रताप! दार उघडलं की बाई उंबरठ्यात उभ्या राहत, डोळे मिटत, एक लांब श्वास घेत आणि निकाल देऊन मोकळ्या होत. "न्हाणीघराची भिंत आतून ओली आहे. वरून नुसता रंग फासलाय." घरमालक शपथा घेई, मग कोणीतरी भिंतीवर बोट दाबे आणि रंगाचा पापुद्रा सुटून हातात येई. गॅसची नळी झिजलेलं घर, मांजर दडवून ठेवलेलं घर, वर्षभर खिडकी न उघडलेलं घर, सगळं त्यांना बाहेरच कळे. धंद्यातले बाकीचे एजंट म्हणत, बाई लोकांच्या घरात नाक खुपसून पोट भरतात. बाई म्हणत, "भरतेच आहे. तुम्ही नाकाने कांदे सोलत बसा." नवरा लवकर गेला, त्यानंतर याच नाकाच्या जोरावर त्यांनी लेकीला शिकवलं, उजवलं आणि कोणापुढे पदर पसरला नाही.

मग साथ आली आणि घर बघणं हा चोरीचा मामला होऊन बसला. माणूस माणसाला बघून रस्ता बदलायला लागला, तिथे परक्याला कोण घरात घेणार? पण लोकांना हलायचं तर होतंच. कोणाला म्हाताऱ्या आईजवळ जायचं होतं, कोणाला एकाच खोलीत ऑफिस आणि शाळा दोन्ही सोसवेना. बाईंनी पुन्हा किल्ल्या हातात घेतल्या, पण शिस्त अशी लावली की पोलीससुद्धा बरे. आधी घर फोनवर फिरवून दाखवायचं, ज्याला खरंच घ्यायचंय त्यानेच यायचं. एका वेळी एकच कुटुंब. घरच्यांनी तोवर बाल्कनीत किंवा गच्चीवर बसायचं. खिडक्या, कपाटं, दारं बाई स्वतः आधी जाऊन उघडून ठेवत, म्हणजे गिऱ्हाइकाला कशाला हात लावायचं कारणच उरत नसे. कोणी भिंतीकडे हात नेला की त्या ओरडत, "बघा डोळ्यांनी! देवाने दोन दिलेत."

एवढ्या शिस्तीत एक भोक होतं आणि ते बाईंनीच पाडलेलं होतं. मास्क लावून वास कसा घेणार? म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी, रिकाम्या खोलीत, त्या मास्क क्षणभर हनुवटीवर ओढत, डोळे मिटत, श्वास घेत आणि मास्क पुन्हा वर चढवत. खोलीत कोणी नसतंच, मग कोणाचं काय बिघडतं, असं त्यांचं गणित होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं घर त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी आधी नकोच म्हटलं होतं. मास्तरांच्या छातीचा भाता कधीचाच विरला होता. जन्मभर वर्गात मोठ्याने शिकवलेला माणूस आता एका वाक्यात दोनदा थांबत असे. लिफ्ट नाही. दवाखान्यात जायचं तर उतरताना जीव जाई आणि चढताना उरलासुरला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की यांना खाली कुठेतरी हलवा, आणि साथीपासून तर कोसभर लांब ठेवा, यांना झेपणार नाही. आता घर विकायचं तर माणसं आत येणार आणि माणसं आली तर साथ येणार. इकडे आड, तिकडे विहीर!

मास्तरांची बायको, म्हणजे काकू, मोठी करडी बाई. त्यांनी नाकबाईंना दारातच उभं करून विचारलं होतं, "माझ्या घरात काही आलं तर जबाबदार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या होत्या. "माझ्यामुळे तुमच्या घरात काही येणार नाही. शब्द देते."

शब्द पाळला जात होता. दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. दर वेळी मास्तर आणि काकू बाल्कनीत खुर्च्या टाकून दार लावून बसत. ती माणसं गेली की खिडक्या तासभर सताड उघड्या. शेवटी एक जोडपं पटलं. बायको पोटुशी होती, घर फोनवर पाहून तिला आवडलं होतं, आता एकदा डोळ्यांनी बघून होकार द्यायला दोघं यायची होती. मास्तरांसाठी जवळच तळमजल्यावर भाड्याचं घरही बाईंनी हेरून ठेवलं होतं. सगळं जमत आलं होतं.

त्या दिवशी सकाळी बाईंना चहा पाणचट लागला. त्यांनी दूधवाल्याचा उद्धार केला आणि निघाल्या.

मास्तरांच्या घरी पोचून त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या खिडक्या उघडल्या, कपाटं उघडली. काकू बाल्कनीत खुर्च्या मांडत होत्या, मास्तरही तिथेच असतील असं बाईंनी धरलं. बाहेरच्या खोलीत बाईंनी मास्क खाली घेतला, श्वास घेतला. काहीच नाही. घर स्वच्छ आहे, त्यांना बरं वाटलं. स्वयंपाकघरातही काही नाही. मग नेहमीच्या सवयीने त्या डोळे मिटूनच आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, मास्क हनुवटीवर ओढला आणि लांब श्वास घेतला.

ही खोली मास्तरांची. इथे कायम निलगिरीच्या तेलाचा वास असे, छातीला चोळायचं ते. दारापासूनच डोळ्यांत पाणी आणणारा. आज तोही नव्हता. बाईंनी श्वास सोडला आणि डोळे उघडले. समोर पलंगावर मास्तर बसले होते, स्वेटरच्या बटणांशी झटापट करत. आज त्यांना उठायला उशीर झाला होता.

"काय नाकबाई? काय म्हणते खोली?" मास्तर हसले.

"आज तेल नाही लावलंत?" बाईंनी विचारलं.

"लावलं की. अहो, बाटलीच सांडली." त्यांनी चादरीवरचा मोठा तेलकट डाग दाखवला. "ही म्हणते, घरभर वास सुटलाय... गिऱ्हाईक पळून जाईल."

 बाईंनी मास्क वर ओढला, मागे सरल्या, न्हाणीघरात गेल्या, कोपऱ्यातल्या फिनेलच्या बाटलीचं बूच काढलं आणि बाटली नाकाशी धरली. काही नाही. पाणी हुंगावं तसं. आयुष्यभर ज्या नाकाने भाकरी दिली ते आज मेलं होतं, आणि साथीत नाक असं का मरतं हे तोवर सगळ्या जगाला माहीत झालं होतं.

खाली जिन्यात बोलणं ऐकू आलं. जोडपं आलं होतं.

माणसाचं मन किती लबाड असतं बघा. मन म्हणालं, सर्दी असेल. मन म्हणालं, मास्क घट्ट कर, लांब उभी राहा, पाच मिनिटांचं काम आहे, होकार येईल, मास्तर खाली जातील, त्यांच्याच भल्याचं आहे. मग त्या पोरीचं पोट त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्या दाराबाहेर धावल्या. मागे दार ओढून घेतलं आणि कठड्यावरून खाली ओरडल्या, "वर येऊ नका! तिथेच थांबा!"

दोघं खालच्या मजल्यावर थबकली.

"मला वास येईनासा झालाय. मला लागण झाली असणार. परत जा, कशाला हात लावू नका."

"हे आधी कळायला नको?" नवरा खालून तडकला. "बायकोला या अवस्थेत इथवर आणलं मी!"

"मला आत्ता कळलं," बाई म्हणाल्या. पोरीने नवऱ्याची बाही ओढली आणि दोघं उतरून गेली.

आता बंद दार. बाईंनी त्यावर टकटक केली आणि लांब सरकल्या.

"काकू, दार उघडू नका. मला लागण झालीय."

 काकूंचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "यांच्या खोलीत गेला होतात?"

"हो."

"मास्क होता ना तोंडावर?"

 बाई काही बोलायच्या आत मागून मास्तर म्हणाले, "होता गं... होता. मी पाहिलं ना."

जन्मात खोटं न बोललेला माणूस आपल्यासाठी खोटं बोलला, याने बाईंना भडभडून आलं. आता गप्प राहिलं की सुटका होती. पण काकू बेफिकीर राहतील, डॉक्टरला सांगणार नाहीत, त्याच खोलीत झोपतील, आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

"नव्हता, काकू," बाई म्हणाल्या. "मास्तर मला वाचवायला बघताहेत. मास्क खाली होता. वास घ्यायला मी दर वेळी खाली घेते. आज ते आत होते, मी पाहिलं नाही. डॉक्टरला आत्ता फोन करा."

"जा तुम्ही," काकू म्हणाल्या.

त्या गेल्या. चाचणीने सांगायचं ते सांगितलं. घरात एकट्या पडून राहिल्या, अंगात ताप, शेजारीण दारात जेवणाचा डबा ठेवून पळे. जेवण मातीसारखं लागे, पण त्याचं दुःख कोणाला होतं! डोळे मिटले की पलंगावर बसलेले, बटणांशी झगडणारे मास्तर दिसत. त्या काकूंना फोन लावत, काकू उचलत नसत. 'मास्तर कसे आहेत?' म्हणून मेसेज टाकला. वाचल्याच्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई मनात म्हणत, काहीही होवो, माझा ताप दुप्पट होवो, पण त्या माणसाला नको.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. काकूंचा मेसेज. 'ताप नाही.' एवढंच. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा 'ताप नाही.' बाई दिवसभर त्या दोन शब्दांवर जगायला लागल्या. एके संध्याकाळी मेसेज आला नाही. बाईंनी फोन उशाशी घेतला, छातीशी घेतला, चार्जिंगला लावला, काढला. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळ गेली. भर दुपारी मेसेज आला, 'काल रिचार्ज संपला होता. ताप नाही.' बाई रडल्या आणि रडता रडता त्यांनी त्या मोबाइल कंपनीला पोटभर शिव्या घातल्या.

दोन्ही म्हाताऱ्यांच्या चाचण्या स्वच्छ निघाल्या. उघड्या खिडक्यांनी वाचवलं म्हणा की नशिबाने, कोण सांगणार!

बाई उठून बसायला लागल्या तेव्हा त्या जोडप्यातल्या नवऱ्याचा फोन आला. आवाज जरा ओशाळलेला. "बाई, बायको म्हणते, हातात आलेला सौदा सोडून जी बाई असं सांगते तिचं बाकीचंही खरं असणार. भिंती कोरड्या आहेत ना?"

"न्हाणीघराची उत्तरेकडची सोडून," बाई म्हणाल्या.

तिकडे हसू फुटलं. "ती करून घेऊ आम्ही."

सामान हलवायचा दिवस आला. बाई आता बऱ्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली होती, पण नाक काही परतलं नव्हतं. त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या, वर गेल्या नाहीत. हमाल दोनच बोलावले होते, दोघांच्या तोंडावर मास्क. सगळं सामान उतरलं, हमाल बाहेर आले, जिना रिकामा झाला आणि मग मास्तर निघाले. काकूंनी आपली एक खुर्ची बरोबर घेतली होती. दर वळणावर खुर्ची मांडायची, मास्तर बसायचे, श्वास जमवायचे, उठायचे. बाईंना रस्त्यावरून जिन्याच्या जाळीतून नुसता तो स्वेटर दिसत होता. तो दिसेनासा झाला की त्यांचाही श्वास अडके. शेवटी मास्तर दारातून बाहेर आले आणि त्यांनी रस्त्यापलीकडे हात हलवला.

तळमजल्याच्या नव्या घराशी टेम्पो थांबला. घराच्या खिडक्या आदल्या दिवसापासून उघड्या होत्या. बाई खिडकीबाहेर, हातभर लांब उभ्या. आणि आता त्यांना राहवेना. हे घर त्यांनी फोनवरच पाहिलं होतं. मालकाने ताजा रंग मारला होता आणि ताज्या रंगावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. तळमजला म्हटला की ओल आली, आणि ओल म्हणजे त्या छातीला विषच.

"मास्तर," त्यांनी बाहेरून हाक मारली, "मला काही कळत नाहीये. माझं नाक गेलंय. आत ओल असेल तर सामान उतरवायचं नाही, मी दुसरं घर बघून देईन. पण ते आता तुम्हालाच सांगायला लागेल."

"मला कसं कळणार?"

"खोलीत कोणी नाही ना? मास्क खाली घ्या. डोळे मिटा. लांब श्वास घ्या. रंगाचा वास येईल, तो सोडून द्या. त्याच्या मागे काय आहे ते बघा. पावसात भिजून कपाटात राहिलेल्या पुस्तकासारखा वास आला तर सांगा."

"त्यांना जमतो का लांब श्वास?" काकू दारातून हमालांना म्हणाल्या. बाईंशी त्या बोलतच नव्हत्या.

मास्तर रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहिले. डोळे मिटले. श्वास आत जायला लागला, अडखळला, पुन्हा जायला लागला. हमाल बाहेर टेम्पोपाशी कपाट धरून तसेच उभे. काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. खोकला येणार, असं सगळ्यांना वाटलं. आला नाही. मास्तरांनी तो श्वास जपून बाहेर सोडला.

"रंग आहे," ते म्हणाले. "आणि निलगिरी. ती माझ्याच स्वेटरची." जरा थांबले. "मागे काही नाही. पुस्तक कोरडं आहे."

काकूंनी चौकट सोडली. मग त्या खिडकीशी आल्या आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बाईंकडे सरळ पाहिलं.

"नाकबाई," त्या म्हणाल्या, "उतरवू का सामान?"

"उतरवा, काकू," बाई म्हणाल्या.