काकूंच्या नावाने दिलेला नकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या मित्राबरोबर रोज सकाळी फिरायला जातो, त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुधा. भोपाळमध्ये मला ओळखणारे भरपूर आहेत, आणि त्यांच्यापैकी एकासमोरही माझं तोंड उघडत नाही.

मी प्रॉपर्टीचं काम करतो. घरं दाखवतो, विकतो, किरायेदार मिळवून देतो. बाग सेवनियात ऑफिस आहे. राजधानी भोपाळला हलली तेव्हा वडील नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर इकडे आले आणि आयुष्यभर फायलींमध्ये मान घालून इमानाने नोकरी केली. मुलगा दलाल झाला हे त्यांना लागलं होतं. नातेवाइकांत ते सांगायचे, ‘दिलीप बांधकाम क्षेत्रात आहे.’ ते ऐकून मी मनाशी धरलं होतं — नाव असं कमवायचं की ‘दलाल’ हा शब्द कुणाच्या जिभेवरच येऊ नये.

आणि कमावलं. मराठी मंडळाच्या गणपतीत मांडव घालण्यापासून आरतीपर्यंत मी. रक्तदान शिबिरात पहिला मी. उन्हाळ्यात बिट्टन मार्केटजवळ आमचा प्याऊ, म्हणजे पाणपोई, लागायचा, त्यावर माझं नाव. हे सगळं नाटक होतं का? नाही हो. मला ती कामं मनापासून आवडायची. पण त्याचा धंद्याला उपयोग होतो हेही मला चांगलं ठाऊक होतं. आरतीचं ताट धरून उभा असलेला माणूस आपल्याला फसवणार नाही असं लोकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं — स्वतःबद्दल.

मालतीकाकू आमच्या मंडळातल्या. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं होतं, म्हणून माझी पन्नाशी उलटली तरी त्या मला ‘अरे दिलप्या’ म्हणायच्या, चारचौघांत. आरतीत कुणी शब्द चुकवला की टाळ्या थांबवून दुरुस्त करायच्या. अवधपुरीत त्यांचं घर, खाली-वर असं. काका गेले, मुलगी लग्न होऊन नागपूरला, आणि वरचा मजला रिकामा. एकदा मला बोलावून म्हणाल्या, “माझ्यासाठी किरायेदार बघ. किराया थोडा कमी आला तरी चालेल. पण माणसं घरात राहणारी हवीत. माझ्या डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजली पाहिजेत रे.”

त्याच सुमारास शाहीन ऑफिसात आली, तिच्या अम्मीला घेऊन. आमच्या भागातल्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि जुन्या शहरातून दोन बस बदलून यायची. खुर्चीत बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं, “भैया, पहले बता दूँ, हम लोग मुस्लिम हैं. जहाँ दिक्कत हो वहाँ मत ले जाइए. अम्मी को बुरा लगता है.”

मला त्या वाक्याने कसंसंच झालं. मी म्हणालो, “मैडम, मेरे यहाँ ये सब नहीं चलता.” छाती थोडी पुढे काढूनच म्हणालो असेन. त्या वेळी ते मला खरंही वाटत होतं — हे मुद्दाम सांगतो.

मी त्यांना काकूंकडे नेलं. घर दाखवायला पाच-दहा मिनिटं पुरतात. आम्ही तिथे जेवायची वेळ होईपर्यंत बसलो. काकूंनी पोहे केले. शाहीन गच्चीतल्या कुंड्या बघत हिंडत होती आणि काकू खालून ओरडून एकेका झाडाचं नाव सांगत होत्या. अम्मी मात्र संकोचून बसलेल्या. शेवटी धीर करून म्हणाल्या, “बहनजी, एक बात साफ़ कर लें. इतवार को हमारे यहाँ गोश्त पकता है.”

काकू हसल्या. त्यांची हिंदी अशी की चाळीस वर्षं भोपाळात काढूनही तिच्यातलं नागपूर गेलं नव्हतं. म्हणाल्या, “अरे, तो मेरे यहाँ क्या वरण-भात पकता था? हमारे मिस्टर सावजी मटन के शौकीन. तर्री देखकर रो देंगी आप. अब अकेली के लिए कौन पकाए? — आप पकाओगी तो एक कटोरी नीचे भेजना.”

अम्मींनी त्यांचा हात धरला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. संध्याकाळी काकूंचा फोन आला: “दिलप्या, पक्कं करून टाक. पोरगी गोड आहे.”

आता मी तिथे येतोय. — येतोय, पण पाय जड होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कात काकूंच्या कॉलनीच्या समितीतले एक गृहस्थ भेटले. वजनदार माणूस, चार लोक त्यांचं ऐकतात. प्राणायाम करता करता डोळे मिटूनच त्यांनी मला विचारलं, “कल मालती मैडम के यहाँ कौन लोग आए थे?”

मी म्हटलं, “ऐसे ही, घर देखने.”

“अच्छा,” ते म्हणाले, आणि पुन्हा श्वास मोजायला लागले.

बस. एवढंच झालं. त्यांनी मला धमकावलं नाही. ‘असले लोक आणू नका’ असंही म्हणाले नाहीत. कदाचित त्यांच्या मनात काही नसेलही — सहज विचारलं असेल. मी आजवर स्वतःला हजारदा विचारलं आहे की त्या ‘अच्छा’मध्ये असं काय होतं. काही नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं. पुढच्या महिन्यात मंडळाचा अध्यक्ष ठरायचा होता आणि माझं नाव चालू होतं. त्याच कॉलनीच्या मागे एका बिल्डरची नवी स्कीम येत होती आणि तिथली घरं विकायला मला मिळणार होती. पार्कातून ऑफिसला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात सगळी कॉलनी माझ्याविरुद्ध उभी केली. लोक काय म्हणतील, कोण तोंड फिरवेल, वर्गणीला कोण दार उघडणार नाही… कुणी काही बोललेलंच नव्हतं, आणि मी हरलो होतो.

मी काय करू शकलो असतो? काकूंना जाऊन सांगता आलं असतं — ‘काकू, मला भीती वाटते, तुम्ही दुसरा डीलर बघा.’ त्या मला सणसणीत बोलल्या असत्या, आणि त्याच दुपारी स्वतः रिक्षा करून शाहीनच्या घरी गेल्या असत्या. हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

मी शाहीनला फोन केला. म्हणालो, “मैडम, सॉरी. आंटी ने मना कर दिया.”

ती म्हणाली, “आंटी ने? ख़ुद?”

तिथे थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. “जी. सामने तो कोई बोलता नहीं ना. बाद में बोलीं कि नहीं जमेगा.”

“अच्छा. कोई बात नहीं, भैया. आपने साफ़ बता दिया, शुक्रिया.” तिने आभार मानले. माझे.

मग मी काकूंकडे गेलो. त्यांनी वरचा मजला झाडून घेतला होता, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. त्यांना मी सांगितलं की त्या लोकांना दुसरीकडे घर मिळालं. एवढ्यावरही भागलं असतं. पण काकू गणिताच्या बाई, त्या म्हणाल्या, “असं कसं? काल तर पोरगी पडद्यांची मापं घेऊन गेली.” त्या फोन करतील या धास्तीने मी बोलून गेलो, “काकू, खरं सांगू का? त्यांना आपल्या लोकांत राहणं नको वाटलं. अम्मी म्हणाल्या, आपल्यातलीच वस्ती बरी.”

काकूंचा चेहरा मी पाहिला नाही. मी फरशीकडे बघत होतो. “असं म्हणाल्या?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि वर जाऊन एकेक खिडकी लावून घेतली. ते आवाज मी खाली उभा राहून ऐकत होतो.

तुम्ही म्हणाल, घरं नाकारली जातात, यात नवीन काय? खरं आहे. मीही कितीतरी मालकांचे नकार मान खाली घालून पोचवले आहेत. ते पापही माझ्या माथी आहेच. पण इथे नकार कुणाचाच नव्हता. दोन बायकांना एकमेकी आवडल्या होत्या, आणि मी दोघींनाही सांगितलं की समोरचीला तू नकोशी झालीस. असं कोण करतं?

मी अध्यक्ष झालो. गणपतीत एक दिवस मी सर्वधर्म समभावावर बोललो — हो, त्याच वर्षी. काकू पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या वाजवत होत्या.

वरच्या मजल्यावर मी एक तरुण आणून ठेवला. कंपनीत नोकरी, सतत दौरे. काकूंना हवी होती तशी पावलं काही वाजली नाहीत. दोन वर्षांनी हिवाळ्यात एका पहाटे काकू स्वयंपाकघरात घसरून पडल्या. वर कुणी नव्हतं. दुपारी कामवाली आली तेव्हा कळलं. शाहीन वर असती तर काकू पडल्याच नसत्या असं मी म्हणत नाही. पण इतका वेळ गार फरशीवर पडून राहिल्या नसत्या — एवढं तरी मला म्हणायलाच हवं.

दवाखान्यात आम्ही मंडळाचे पाच-सहा जण गेलो. फळं नेली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. निघताना काकूंनी मला थांबवलं. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाल्या, “दिलप्या, एक विचारायचं राहिलं होतं. ती चित्रांची पोरगी — तिला माझं काय खटकलं रे? मी ते सावजीचं फार बोलले का?”

दोन वर्षं ही बाई स्वतःची चूक शोधत होती.

खोलीत मंडळाचे लोक होते. दाराशी त्यांची मुलगी उभी होती, मघाशीच मला म्हणालेली, ‘दादा, तुम्ही आहात म्हणून आम्ही तिकडे निर्धास्त असतो.’ मी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “तसं काही नाही हो काकू. तुम्ही आराम करा.” भीती तीच जुनी, फक्त आता गमवायला आणखी जास्त होतं. काकूंनी मान हलवली. मुलीने त्यांना नागपूरला नेलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या गेल्याची बातमी आली.

मंडळाच्या हॉलमध्ये श्रद्धांजली सभा ठेवली. अध्यक्ष या नात्याने मी बोललो. चांगलं बोललो, लोकांचे डोळे पाणावले. ‘काकूंचं दार कुणालाही बंद नव्हतं,’ हे वाक्य मी बोललो. बोलता बोलता नजर शेवटच्या रांगेत गेली आणि तिथे शाहीन बसलेली दिसली. नंतर कळलं, तिच्या शाळेतली एक शिक्षिका काकूंची विद्यार्थिनी. तिच्याबरोबर आली होती. पुढची दोन-चार वाक्यं मी काय बोललो ते मला आठवत नाही.

सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. खरं सांगतो, क्षणभर मला बरंही वाटलं.

ती म्हणाली, “दिलीप भैया, पहचाना? आपने आंटी के बारे में बहुत अच्छा बोला. मुझे उन पर बड़ा ग़ुस्सा था. अम्मी तो उस दिन के बाद किसी का घर देखने को ही राज़ी नहीं हुईं. पर आज यहाँ सबकी बातें सुनकर लगा, उनकी भी कोई मजबूरी रही होगी. मैंने दिल से माफ़ कर दिया उन्हें.”

आणि काकूंच्या फोटोसमोर जाऊन तिने हात जोडले.

कशाची माफी? ज्या बाईने तिच्यासाठी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या, तिला ती माफ करत होती. मी दोन पावलांवर उभा होतो. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे लोकलाजेची सबबही उरली नव्हती. मी म्हणालो, “आप आईं, अच्छा लगा.”

जाताना ती वळून म्हणाली, “अम्मी के घुटने अब जवाब दे गए हैं. ग्राउंड फ़्लोर ढूँढ रहे हैं, स्कूल के पास. कुछ हो तो बताइएगा. आप कम से कम सच तो बता देते हैं.”

मी “ज़रूर” म्हणालो. तळमजल्याची घरं माझ्याकडे येत असतात. मागच्या महिन्यातच एक आलं होतं, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मालकही भला माणूस. मी ते दुसऱ्याला दिलं. तिला दिलं असतं तर ती मला घरी बोलावणार, अम्मी चहा करणार, आणि काकूंचा विषय निघणार.

तिला मी अजून फोन केलेला नाही.