घोडीचं दावं

घोडी विकायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली: वरातीवाल्याले द्यायची नाही. इतकी वर्षं जी नाले उतरली, जिनं झुडपांतून वाट काढत नवख्या माणसांना पाठीवर सांभाळून फिरवून आणलं, तिनं आता डीजेपुढं नाचावं काहून?

पण आमच्या हुडकेश्वरले आता वाटा उरल्या कुठं? जिथून आम्ही लोकांना घोड्यावर फिरवायचो तिथं प्लॉटांचे लेआउट पडले, तारांची कुंपणं लागली. त्यात माझे गुडघे गेले. नवरा म्हणे, तू चढत नाही, दुसऱ्याले देत नाही, खुंट्याले बांधून तिची माती करून राहिली. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मले जास्त राग आला.

पहिला आला तो वरातीवालाच. पांढरी आहे, नवरदेव शोभून दिसतो म्हणे. चहासुद्धा न विचारता त्याले वाटेला लावलं. मग कुही गावाकडचे एक शेतकरी आले. शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या त्यांनी. पाहुण्यांना शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं तळ्यापर्यंत फिरवायले शांत जनावर पाहिजे होतं. आल्या आल्या त्यांनी तिचे दात नाही पाहिले. आधी तिले आपला हात हुंगू दिला. मले माणूस पटला.

न्यायच्या दिवशी ते नवं दावं घेऊन आले. आमच्यात जनावर विकतात, दावं देत नाहीत. घरची लक्ष्मी जाते म्हणतात. त्यांनी नवं बांधलं, मी बाजूला झाली. टेम्पोच्या फळीजवळ घोडी अडली ती अडलीच. ते बिचारे पुचकारून थकले. ड्रायव्हर मागून ढकलायले लागला तसं माझं डोकं फिरलं. सरका म्हटलं सगळे.

जुनं दावं तिच्या गळ्यात घातलं अन् फळीवर मी आधी चढली. ती निमूट मागं आली. मी पुढं असली की कुठं चाललो हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आत बांधलं, मानेवरून हात फिरवला अन् एकटी खाली उतरली.

नवऱ्यानं हात पुढं केला. "जुनं दावं सोडून आण वं."

"लक्ष्मी गेली तर जाऊ दे," मी म्हटलं. "तिले तिकडं ओळखीचं काहीतरी पाहिजे."

फळी लागली, टेम्पो निघाला. वळणावर घोडी खिंकाळली. मी अजून आत कशी आली नाही, एवढंच ती विचारून राहिली होती. मी भर रस्त्यात उभी राहून रडली.