दुर्बिणीला सांगितलेलं गाव

रेल्वे ऑफिसातून रिटायर झालेल्या विनोदिनीबाई ढोके रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आपल्या गच्चीवर नुसत्या येरझारा घालत होत्या. नवी कॉम्प्युटरवाली दुर्बीण तिसऱ्यांदा चुकली होती. बटण दाबलं की मोटर घुर्र करून वळायची अन् गुरूच्या शेजारचं रिकामं आभाळ दाखवायची. बाईंनी भिंगं बदलली, बॅटरी बदलली, बनवणाऱ्याचा उद्धार केला.

लेक चेतनानं दुर्बिणीच्या रिमोटवर भरलेलं ठिकाण पाहिलं. "मम्मी, शहर में नागपुर काहे डाला?"

"यादीत रायपूर नाहीच नं! राजधानी झाली तरी नाही. अन् गाव तं आपलं नागपूरच!"

"पर हम खड़े कहाँ हैं?"

बाईंनी फणकाऱ्यानं रायपूरचे अक्षांश-रेखांश भरले. गुरू बरोब्बर मधोमध आला.

चाळीस वर्षं 'सध्या रायपूरला असते' म्हणणाऱ्या बाई मग बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत.