तलंगांचा वाटा

कोंबडीचं पिल्लू नर आहे की मादी हे आपल्याला ओळखता येतं, अशी दहाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती. पिल्लाला दोन्ही पायांनी धरून उलटं टांगायचं. मान उचलून फडफडलं तर कोंबडा, गपचूप लोंबकळलं तर तलंग, म्हणजे पुढं अंडी देणारी. ही विद्या शाळेतल्या एका मुलीनं मला शिकवली आणि पहिल्या तीन पिल्लांच्या बाबतीत ती खरी ठरली. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला जाणकार ठरवून टाकलं. गल्लीतल्या बायकाही "हिला दाखवा गं" म्हणायला लागल्या, मग काय विचारता!

वडील पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही साताऱ्याकडून चिंचवडला आलो होतो. गावठाणात एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईच्या घरामागं दोन खोल्या घेतल्या होत्या. तिला मी आजी म्हणायचे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणसं ती आवाजावरून ओळखायची, पण कोंबड्यांचा नाद काही सुटत नव्हता. अंड्यांवर बसायला आलेली एक खुडूक कोंबडी तिनं आईला वाट्यानं दिली. वाट्यानं म्हणजे कोंबडी आणि अंडी आजीची, राखण आणि दाणापाणी आईचं, आणि पिल्लं जरा मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी आमची. गावातल्या बायकांचा हा जुनाच रिवाज. त्यात सगळी भिस्त एकमेकींच्या शब्दावर असायची.

त्याच वर्षी थंडीत वडिलांना छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, कामावर जायचं नाही, दूध घ्या आणि रोज एक अंडं खा. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! दुधाचंच कसंबसं जमत होतं. आईचा सगळा जीव त्या पिल्लांत अडकला. निघाली होती अकरा. दोन घारीनं उचलली, एक मुंगसानं नेलं, राहिली आठ. तिन्हीसांजेला आई ती डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवून पुन्हा एकदा हलवून बघायची.

पिल्लं महिन्याची झाल्यावर वाटे करायची गोष्ट निघाली. आजी म्हणाली, "आजून दीड म्हैना जाऊ दे. तुरा तांबडा व्हऊ दे, मंग कळंल. पी हळद अन् हो गोरी, असं न्हाई चालत."

"मला आत्ताच कळतं, आजी," मी म्हणाले.

"व्हय? मंग तूच कर वाटं. तुझी नजर तेज हाय. निम्म्या तलंगा, निम्मं कोंबडं मला दे, तेवढंच तुमी ठिवा."

दुपारची वेळ होती. आई विहिरीवर गेलेली. आत वडील खोकत होते. मी एकेक पिल्लू उचलून टांगलं. चार फडफडली, चार लोंबकळली. फडफडणारी चारही मी आजीच्या पाटीत घातली आणि म्हणाले, "ह्यात दोन तलंगा आहेत, दोन कोंबडे." आजी म्हणाली, "गुणाची गं माझी बाय." त्या क्षणी मला लाज वाटली, असं लिहायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मला स्वतःचं कौतुक वाटलं. चार तलंगा आपल्या घरात, वडिलांची सोय झाली, एवढंच डोक्यात होतं.

दोन-तीन महिन्यांनी आमच्या डालग्यातून घसा बसल्यासारखी बांग आली. चार दिवसांनी दुसऱ्यानं गळा काढला, मग तिसऱ्यानं. आमच्याकडं तीन कोंबडे आणि एक तलंग, आजीकडं तीन तलंगा आणि एक कोंबडा. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! माझी विद्या शेणात गेली, ते सोडाच. पण आजीनं त्याचा जो अर्थ लावला, त्यानं मी पुरती गारठले. ती गल्लीभर सांगत सुटली, "मी आंधळी बाई, पण पोरीनं मला तीन दिल्या नि सोताला एकच ठिवली."

आमची एकुलती तलंग अंडी द्यायला लागेना. आजीच्या तलंगा मात्र लागल्या, तशी ती रोज सकाळी भिंत चाचपत आमच्या दाराशी यायची आणि पदरातलं अंडं वडिलांसाठी आईच्या हातावर ठेवायची. वडिलांच्या तोंडावर हळूहळू तजेला येत होता. एकदा अंडं सोलता सोलता ते मला म्हणाले, "हे तुझ्या खरेपणाचं बरं का." मी उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

शेवटी मी आईला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. मला वाटलं, फुंकणी पाठीत बसणार. पण ती घाबरल्यासारखी दाराकडं बघून म्हणाली, "कुठं बोलू नकोस. त्यांना अंडं लागतंय." रोज सकाळी अंडं येत होतं आणि रोज मी मेल्याहून मेल्यासारखी होत होते.

आजीच्या दुसऱ्या एका कोंबडीची पिल्लं महिन्याची झाली, तेव्हा तिनं मला हाक मारली. त्यांचा वाटा शेजारच्या बाईबरोबर करायचा होता. "ये गं, तुझ्यावानी खरं कोन करनार?"

"आजी, मला काही कळत नाही," मी म्हणाले. "त्या वेळी मी तुला चारही कोंबडेच द्यायला निघाले होते. माझं ओळखणं चुकलं म्हणून तुला तलंगा मिळाल्या."

ती म्हणाली, "बापासाठनं केलंस?"

"हो."

"जा घरी."

घरी येऊन मी आईला सांगितलं, अंडं बंद होणार. त्या रात्री आम्ही दोघी धड झोपलो नाही.

सकाळी आजी आली. अंडं आईच्या हातावर ठेवलं, वडिलांच्या खोकल्याची चौकशी केली. वडील कामावर जायला लागेपर्यंत तिनं एक दिवस चुकवला नाही. पिल्लं ओळखायला मात्र तिनं मला पुन्हा कधी बोलावलं नाही.